मोबाइलची पडून राहिलेली कामे

स्मार्टफोनमध्ये पडदा, बॅटरी आणि अँटेना यांच्या जोडीला अनेक संवेदक बसवलेले असतात. फोन कुठल्या बाजूला कलला आहे हे ओळखणारा त्वरणमापक, तो किती वेगाने फिरला हे सांगणारा जायरोस्कोप, चुंबकीय क्षेत्र मोजणारा मॅग्नेटोमीटर, उजेड जोखणारा प्रकाशसंवेदक, उपग्रहांचे संकेत पकडणारा जीपीएस, एकाहून अधिक मायक्रोफोन आणि कॅमेरे, आणि काही फोनांत हवेचा दाब मोजणारा बॅरोमीटरसुद्धा. यांची मूळ कामे साधी आहेत. फोन आडवा केला की चित्र आडवे व्हावे, उन्हात पडदा उजळावा, नकाशावरचा बाण चालणाऱ्याच्या दिशेने वळावा, यासाठी ते बसवलेले असतात. पण त्यांनी घेतलेली मोजमापे फोनच्या मालकालाही वाचता येतात आणि त्यासाठी बहुधा एखादे मोफत अ‍ॅप पुरते. बोलणे, व्हिडिओ पाहणे आणि पैसे पाठवणे यांपलीकडे फोनची ही बाजू बहुतेक घरांत वापरावाचून राहते. घरमालक मिस्त्रीवर, गिऱ्हाईक सराफावर आणि शेतकरी दुसऱ्याच्या अंदाजावर जे प्रश्न सोडून देतो, त्यांतले बरेचसे त्याला स्वतः तपासता येतात. त्यासाठी यंत्र नेमके काय मोजते आणि कुठे चुकते, एवढे माहीत असावे लागते.

कल, दिशा आणि भिंतीतले लोखंड

त्वरणमापक हा सिलिकॉनचा सूक्ष्म तुकडा असतो. त्याच्या आत तेवढ्याच बारीक पट्ट्यांवर एक छोटे वस्तुमान तोललेले असते. फोन कलला की गुरुत्वाकर्षणामुळे ते किंचित सरकते आणि त्या सरकण्याचे विद्युत संकेतात रूपांतर होते. त्यामुळे फोन पाणसळीचे काम करू शकतो. आयफोनमध्ये ही सोय मोजमापाच्या अ‍ॅपमध्येच असते, अँड्रॉइडवर वेगळे अ‍ॅप घ्यावे लागते. न्हाणीघराच्या फरशीचा उतार मोरीकडे आहे की भिंतीकडे, हे पाणी ओतून कळेपर्यंत सिमेंट वाळलेले असते. फरशी बसत असतानाच फोन ठेवून पाहिला तर चूक वेळेत सापडते. १०० सेंटिमीटर अंतरात १ सेंटिमीटर उतार म्हणजे साधारण ०.६ अंश. एवढा बारीक कोन मोजताना आधी फोनची स्वतःची चूक काढून टाकावी लागते. फोन एका जागी ठेवून आकडा पाहायचा, मग त्याच जागी फोन उलट दिशेला फिरवून पुन्हा पाहायचा. दोन्ही आकडे सारखेच पण विरुद्ध बाजूचे आले तर फोन बरोबर आहे. तसे आले नाहीत तर दोन्हींची सरासरी ही फोनची चूक. मागे उंचावलेला कॅमेरा असलेला फोन थेट टेकवू नये. सरळ पट्टी किंवा ओळंब्यात तपासलेली लाकडी फळी मध्ये घ्यावी.

छतावर सौर पॅनेल बसवून घेणाऱ्यांना हीच सोय फार उपयोगी पडते. महाराष्ट्रात पॅनेलचे तोंड दक्षिणेला आणि कल साधारण त्या गावाच्या अक्षांशाइतका ठेवला की वर्षभराचे उत्पादन चांगले मिळते. पुण्याचा अक्षांश सुमारे साडेअठरा अंश आहे, नागपूरचा एकवीसच्या आसपास. बसवणारे लोक जागेच्या सोयीने कल कमीजास्त करतात. त्यामागे कधी सावलीचे किंवा वाऱ्याचे रास्त कारण असते, कधी केवळ घाई. कल किती ठेवला हे मालकाने मोजून विचारले तर उत्तर द्यावे लागते.

दिशा पाहताना मात्र सावध राहावे लागते. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र अगदी क्षीण असते. महाराष्ट्रात ते साधारण ४० ते ४५ मायक्रोटेस्ला भरते. पॅनेलचा लोखंडी सांगाडा, छतातली सळई, फोनच्या कव्हरमधले चुंबक यांपैकी काहीही जवळ असले की होकायंत्राची दिशा फिरते. हे क्षेत्र किती सहज बिघडते याचा जुना दाखला मुंबईतच आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या आणि १८५९ च्या सप्टेंबरमधले प्रचंड सौरवादळ तिथल्या उपकरणांनी टिपले होते. पुढे मुंबईच्या ट्रामगाड्या विजेवर चालवायचे ठरले तेव्हा त्या प्रवाहाने नोंदी बिघडतील म्हणून हे काम १९०४ मध्ये अलिबागला हलवण्यात आले. तिथली वेधशाळा आजही चालू आहे. म्हणून फोनचे होकायंत्र वापरताना कव्हर काढावे, लोखंडापासून दोन-तीन मीटर दूर उभे राहावे आणि फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा काही वेळा फिरवावा, म्हणजे संवेदक स्वतःला सुधारून घेतो.

होकायंत्राला अडचणीचा ठरणारा हाच गुण भिंतीत उपयोगी पडतो. मॅग्नेटोमीटरचा आकडा दाखवणारे अ‍ॅप चालू करून फोन भिंतीवरून सावकाश फिरवला, तर जिथे सळई, खिळा किंवा लोखंडी पाइप आहे तिथे आकडा एकदम बदलतो. ड्रिल कुठे मारू नये हे त्यावरून कळते. पण तांबे चुंबकाला दाद देत नाही आणि प्लॅस्टिकही नाही. त्यामुळे प्लॅस्टिकच्या नळीतून गेलेली वायर किंवा पीव्हीसीचा पाण्याचा पाइप या पद्धतीने सापडत नाही. इथे जास्त भरवशाचा उपाय कॅमेऱ्याचा आहे. घर बांधताना किंवा दुरुस्तीत भिंतीला झिऱ्या पाडून पाइप टाकले की गिलावा होण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो घ्यावा आणि फोटोत मोजपट्टी उघडून धरलेली असावी. दहा वर्षांनी नळाची गळती शोधताना हा फोटो नसेल तर अर्धी भिंत फोडावी लागते.

कॅमेरा: आठवण ठेवणारा डोळा

फोटोचा उपयोग लोक सुंदर दिसणाऱ्या गोष्टींसाठी करतात. त्याचा दुसरा उपयोग विसरण्याजोग्या गोष्टींसाठी आहे आणि तोच रोजच्या जगण्यात जास्त कामाचा आहे. शेतातल्या तीन फेजच्या मोटरचे उदाहरण घ्यावे. स्टार्टर दुरुस्तीला काढताना त्याच्या वायरी कुठल्या स्क्रूला होत्या याचा फोटो घेतला नाही आणि जोडताना तीनपैकी कुठल्याही दोन वायरींची अदलाबदल झाली, तर मोटर उलटी फिरते आणि पाणी पुरेसे चढत नाही. मिक्सर, गॅस शेगडी, शिलाई मशीन, सायकलचे मागचे चाक, काहीही खोलताना दर पायरीला एक फोटो घ्यावा आणि जोडताना ते उलट्या क्रमाने पाहावेत.

औषधांचेही असेच. गोळ्यांची पट्टी कापून विकली की बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख बहुधा दुसऱ्याच तुकड्यावर राहते. दुकानातच अख्ख्या पट्टीचा फोटो घेतला तर घरी आणलेल्या तुकड्याची ओळख पुसली जात नाही. घरातल्या वृद्धांच्या चालू औषधांचे फोटो एका वेगळ्या अल्बममध्ये असले, तर रात्री-अपरात्री नव्या डॉक्टरांसमोर पांढरी गोळी, छोटी गोळी असे वर्णन करत बसावे लागत नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून भारतात जास्त खपाच्या ३०० औषधांच्या वेष्टनावर क्यूआर कोड किंवा बारकोड छापणे सक्तीचे झाले आहे. तो वाचला की औषधाचे नाव, उत्पादक, बॅच, निर्मितीची आणि मुदतीची तारीख दिसते आणि ती छापील मजकुराशी ताडून पाहता येते.

जिथे डोळा पोचत नाही तिथे फोन धरलेला हात पोचतो. भिंतीवर उंच लावलेला वीजमीटर, फ्रिजच्या मागचा मॉडेल क्रमांक, गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला चासिस क्रमांक, सिंकखालचा गळका जोड. टॉर्च लावून व्हिडिओ घ्यायचा आणि नंतर थांबवून पाहायचे.

कॅमेऱ्याला माणसाच्या डोळ्याला न दिसणारा थोडा अवरक्त प्रकाशही दिसतो. टीव्हीचा रिमोट चालेनासा झाला की दोष रिमोटचा की टीव्हीचा, हे त्यावरून ठरते. रिमोटचे टोक पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबावे. पडद्यावर जांभळट ठिपका लुकलुकला तर रिमोट ठीक आहे. मागच्या कॅमेऱ्यावर अवरक्त प्रकाश अडवणारी गाळणी बहुधा जास्त कडक असते, म्हणून पुढचा वापरावा. एलईडी दिव्यांचीही अशीच परीक्षा होते. भारतातला घरगुती वीजप्रवाह ५० हर्ट्झचा, त्यामुळे हलक्या प्रतीचा दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो आणि मंदावतो. सेकंदाला २४० चित्रे घेणाऱ्या स्लो-मोशनमध्ये हे लुकलुकणे स्पष्ट दिसते. अभ्यासाच्या टेबलावर असा दिवा नसावा. त्याच स्लो-मोशनमध्ये पंख्याचा वेगही मोजता येतो. एका पात्याला कागदाचा तुकडा चिकटवून पूर्ण फेरीला किती चित्रे लागतात ते मोजायचे. २४० च्या वेगावर ४१ चित्रे लागली तर पंखा मिनिटाला सुमारे ३५० फेऱ्या घेतो. कपॅसिटर बदलल्यावर खरेच फरक पडला का, याचा हा पुरावा असतो.

पुरावा म्हणून घेतलेल्या फोटोंबद्दल एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. कॅमेरा प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये वेळ आणि परवानगी दिली असल्यास ठिकाणही नोंदवतो. व्हॉट्सअ‍ॅपवर तो नेहमीसारखा फोटो म्हणून पाठवला की आकार कमी होतो आणि ही माहिती गळून पडते. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी जाते. भाड्याच्या घरात शिरताना भिंती, नळ, खिडक्या यांचे फोटो घेऊन मालकाला त्याच दिवशी डॉक्युमेंट म्हणून पाठवले, तर घर सोडताना अनामत रकमेचा वाद बराच कमी होतो. गाडीला झालेला अपघात, गारपिटीने झोपलेले पीक यांचे मूळ फोटो पुसू नयेत. भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून मांडताना प्रमाणपत्र जोडण्याची तरतूद आहे आणि ते प्रमाणपत्र मूळ साधनाशी जोडलेले असते.

सोने, मिठाई आणि चार्जर

पाडव्याच्या आणि धनत्रयोदशीच्या खरेदीत फोनचा सर्वांत मोलाचा उपयोग हॉलमार्क पडताळण्याचा आहे. १ जुलै २०२१ पासून सोन्याच्या प्रत्येक हॉलमार्क केलेल्या दागिन्याला एचयूआयडी हा इंग्रजी अक्षरे आणि अंकांचा सहा चिन्हांचा स्वतंत्र क्रमांक मिळतो. हॉलमार्क सक्तीचा असलेल्या जिल्ह्यांत १ एप्रिल २०२३ पासून या क्रमांकाशिवाय दागिने विकण्यास मनाई करण्यात आली. दागिन्यावर तीन खुणा असतात: भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि एचयूआयडी. बावीस कॅरटला ९१६ हा आकडा येतो, म्हणजे हजार भागांत ९१६ भाग सोने. अठरा कॅरटला ७५०.

या खुणा लेसरने इतक्या बारीक कोरलेल्या असतात की नुसत्या डोळ्यांनी त्या वाचता येत नाहीत. दुकानात भिंग असते, पण फोनच्या कॅमेऱ्याने जवळून फोटो घेऊन मोठा केला तरी क्रमांक दिसतो. तो मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर या अ‍ॅपमध्ये भरला की दागिना कोणत्या नोंदणीकृत सराफाने, कोणत्या केंद्रात तपासून घेतला, तो कोणत्या प्रकारचा आहे आणि शुद्धता किती, हे समोर येते. इथे दागिन्याचा प्रकार ही ओळ नीट वाचावी. हातात कानातले आहेत आणि अ‍ॅप अंगठी सांगत असेल तर तो क्रमांक दुसऱ्याच दागिन्याचा आहे. शुद्धतेची हमी म्हणजे वजनाची हमी नव्हे. खड्यांची, मीनाकारीची किंमतही यात येत नाही. ते वजन बिलावर वेगळे लिहून घ्यावे. दोन ग्रॅमपेक्षा हलके दागिने आणि कुंदन, पोलकी, जडाऊ काम या सक्तीतून वगळलेले आहेत. हॉलमार्क नसलेला दागिना खोटा असतोच असे नाही. त्याची तपासणी मात्र वेगळी करून घ्यावी लागते.

त्याच अ‍ॅपमध्ये इतर वस्तूही पडताळता येतात. आयएसआय खुणेखाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तर चार्जर आणि पॉवर बँकेसारख्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंवर आर ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक. प्रेशर कुकर, हेल्मेट, विजेची इस्त्री या जिवाशी गाठ असलेल्या वस्तू आहेत आणि त्यांच्यावरच्या खोट्या खुणा बाजारात सापडतात. मिठाईच्या डब्यावर, फरसाणाच्या पाकिटावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना क्रमांक असतो. तोही प्राधिकरणाच्या अ‍ॅपवर किंवा संकेतस्थळावर पाहता येतो. परवाना चालू आहे म्हणजे पदार्थ ताजा आहे असे नाही, पण बंद पडलेला किंवा दुसऱ्याच नावाचा परवाना दिसला तर तो डबा घेऊ नये.

ऐकणारा फोन

फोनचा मायक्रोफोन आवाजाची पातळी डेसिबलमध्ये सांगू शकतो. भारताच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात सकाळी सहा ते रात्री दहा या वेळेत मर्यादा ५५ डेसिबल आहे आणि रात्री ४५. रुग्णालये, शाळा, न्यायालये यांच्याभोवतीच्या शांतता क्षेत्रात त्या ५० आणि ४० आहेत. हे मोजमाप पायरीपायरीने चढत नाही: १० डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनीची तीव्रता दहापट. त्यामुळे ५५ च्या जागी ७५ म्हणजे तीव्रता शंभरपट. फोनचा मायक्रोफोन बोलण्यासाठी बनवलेला असतो, प्रचंड आवाजात त्याचा आकडा वर चढायचा थांबतो आणि प्रत्येक फोनची बनावट वेगळी असते. म्हणून हा आकडा कायद्याचा पुरावा ठरत नाही. आधी-नंतरची तुलना मात्र तो चांगली दाखवतो. खिडकी बंद केल्यावर किती फरक पडला, पिठाच्या चक्कीपाशी तासन्‌तास काम करणाऱ्याच्या कानावर किती भार येतो, मांडवाच्या भोंग्यांची तोंडे फिरवल्यावर शेजारच्या घरात आवाज किती उतरला, हे त्यावरून समजते. त्या तुलनेचा आधार घेऊन बोलता येते, तक्रारही करता येते.

गायक-वादकांना सूर जुळवण्याचे अ‍ॅप परिचित असते. काळी पाचचा सूर २३३ किंवा ४६६ हर्ट्झवर येतो हे फोन दाखवतो आणि तबल्याच्या गाठ्यांवर हातोडी मारताना नवशिक्याला त्याची मदत होते. फोनच्या छोट्या स्पीकरमधून तानपुऱ्याचा खर्ज मात्र नीट निघत नाही. रियाजासाठी तो बाहेरच्या स्पीकरला जोडावा.

याहून किती तरी मोठे काम कमी ऐकू येणाऱ्यांसाठी आहे. २०१९ मध्ये गूगलने लाइव्ह ट्रान्सक्राइब हे अ‍ॅप आणले. समोरच्याचे बोलणे ते पडद्यावर मोठ्या अक्षरांत उमटवत जाते आणि त्याला मराठी समजते. इंटरनेट असले आणि खोलीत एका वेळी एकच माणूस बोलत असला तर अक्षरे बरीचशी बरोबर येतात. बोलीभाषेत, गलक्यात चुका वाढतात. श्रवणयंत्र परवडत नाही, किंवा घेऊनही कानाला रुचत नाही म्हणून कपाटात पडले आहे, अशी वडीलधारी माणसे अनेक घरांत असतात. हळूहळू त्यांच्याशी बोलणे कामापुरते उरते. फोन टेबलावर उभा ठेवून अक्षरे वाचत त्यांना संभाषणात परत घेता येते. ज्यांच्या घरात असे माणूस आहे त्यांनी दिवाळीच्या सुट्टीत हे अ‍ॅप स्वतः बसवून, अक्षरांचा आकार वाढवून, चार दिवस शेजारी बसून शिकवावे. नुसते अ‍ॅपचे नाव सांगून वृद्ध माणूस ते वापरू लागत नाही. दृष्टिहीनांसाठी रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये मणी हे अ‍ॅप दिले. कॅमेऱ्यासमोर नोट धरली की ते तिची किंमत बोलून सांगते आणि त्याला इंटरनेट लागत नाही. नोट खरी की खोटी हे मात्र ते ठरवत नाही.

ऐकणाऱ्या फोनचे आणखी एक काम वेळेशी बांधलेले आहे. हेमा राईरकर आणि गी पोइटवाँ यांनी त्यांच्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या गावोगावी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या बऱ्याच आज पारी या संग्रहात ऐकता येतात. ते काम टेपरेकॉर्डरच्या काळात सुरू झाले. आज तेवढे साधन प्रत्येक घरात आहे आणि ओवी, उखाणे, लग्नातली गाणी, गावाच्या वसण्याची हकीकत, दुष्काळाची आठवण सांगणारे आवाज दरवर्षी कमी होत आहेत. ध्वनिमुद्रण करताना फोन विमान मोडवर ठेवावा, पंखा बंद करावा, फोन घडी घातलेल्या जाड कापडावर बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर ठेवावा. सुरुवातीला नाव, गाव आणि तारीख बोलून घ्यावी, नाही तर तीस वर्षांनी आवाज कोणाचा हेच कळत नाही. नेहमीच्या दर्जात तासाभराचे ध्वनिमुद्रण सुमारे ६० मेगाबाइटमध्ये मावते. ते कुटुंबातल्या दोन-तीन ठिकाणी साठवून ठेवावे.

वाडी, बांध आणि डोंगर

जीपीएसला मोबाइलचे नेटवर्क लागत नाही. उपग्रहांचे संकेत थेट आकाशातून येतात. डेटा असला तर ठिकाण काही सेकंदांत सापडते आणि नसला तर उघड्या जागी काही मिनिटे थांबावे लागते, एवढाच फरक. सह्याद्रीत चढाई करणाऱ्यांनी परिसराचा नकाशा घरीच उतरवून घेतला तर फोन विमान मोडवर ठेवूनही वाट दिसत राहते आणि बॅटरी जास्त टिकते. मदत मागताना ‘सुळक्याच्या डावीकडे’ असे सांगण्यापेक्षा अक्षांश-रेखांश एसएमएसने पाठवावेत. इंटरनेट चालत नाही तिथेही एसएमएस कधी कधी जातो. दशांश चिन्हानंतर पाच आकडे दिले तर जागा सुमारे एक मीटरपर्यंत ठरते, चार दिले तर अकरा मीटरपर्यंत. बॅरोमीटर असलेल्या फोनमध्ये उंचीचाही अंदाज येतो. समुद्रसपाटीला १,०१३ हेक्टोपास्कलच्या आसपास असलेला दाब कळसूबाईच्या १,६४६ मीटर उंच माथ्यावर ८३० पर्यंत उतरतो.

वाडी, वस्ती, तांडा, पाडा इथल्या घरांना रस्त्याचे नाव नसते आणि घरक्रमांक असला तरी तो बाहेरच्याला सापडत नाही. बाळंतपणासाठी बोलावलेली रुग्णवाहिका फाट्यावरच उभी राहते. अशा घरांसाठी गूगल नकाशातला प्लस कोड आहे, आणि भारतीय टपाल खात्याने २०२५ मध्ये आणलेला डिजिपिनही, ज्यात देशाचा प्रत्येक सुमारे चार मीटर चौकोन दहा चिन्हांनी ओळखला जातो. तो घराच्या दाराशी उभे राहून एकदा काढून दारावर लिहून ठेवला आणि आशाताईंकडे दिला की त्याचा खरा उपयोग होतो.

शेताचे क्षेत्र मोजताना जीपीएसचा आकडा समजून घ्यावा. फोनची चूक उघड्या रानात तीन ते पाच मीटर असू शकते. दहा गुंठ्यांचा तुकडा म्हणजे सुमारे १,०१२ चौरस मीटर. तो चौकोनी असेल तर बाजू जेमतेम ३२ मीटरची. अशा तुकड्यात प्रत्येक कोपरा दोन-तीन मीटर बाहेर पडला तर एक-दोन गुंठ्यांचा सहज फरक पडतो. सगळे कोपरे एकाच दिशेला सारखेच सरकले तर क्षेत्र बदलत नाही, म्हणून मोजणी एका दमात, न थांबता, बांधावरून चालत करावी. पाच एकरांच्या सलग रानात हीच चूक फारशी जाणवत नाही. फवारणीचे औषध, बियाणे, नांगरटीची मजुरी ठरवायला हा आकडा पुरतो. बांधाच्या वादात तो चालत नाही, तिथे भूमी अभिलेख खात्याची मोजणीच लागते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः फोनवरून पिकाचा फोटो ठिकाणासह नोंदवतो आणि ती नोंद सातबाऱ्यावर येते. फोटोपूर्वी पिकाच्या मोकळ्या भागात दोन-तीन मिनिटे थांबून जीपीएस स्थिर होऊ द्यावा. झाडाखाली, पत्र्याच्या शेडजवळ ठिकाण शेजारच्या गटात पडण्याची शक्यता असते.

शाळेसाठीही हेच संवेदक आहेत. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठात तयार झालेले फायफॉक्स हे मोफत अ‍ॅप फोनच्या सगळ्या संवेदकांचे आकडे आलेखासह दाखवते. दोन फोन पाच मीटर अंतरावर ठेवून दोन विद्यार्थ्यांनी आळीपाळीने टाळ्या वाजवल्या, तर अ‍ॅपमधल्या आवाजावर चालणाऱ्या घड्याळांत सुमारे २९ सहस्रांश सेकंदाचा फरक येतो. दहा मीटरला या वेळेने भागले की आवाजाचा वेग मिळतो. ज्या जिल्हा परिषद शाळेत प्रयोगशाळा नाही तिथे शिक्षकांच्या दोन फोनांवर हा प्रयोग होतो.

संकटाच्या वेळी

२०१६ च्या नियमांनुसार भारतात विकल्या जाणाऱ्या मोबाइल फोनवर संकटाचे बटण सक्तीचे आहे. स्मार्टफोनमध्ये पॉवरचे बटण झटपट तीन किंवा पाच वेळा दाबले की फोनच्या बनावटीनुसार ११२ ला कॉल जातो. स्वतःच्या कंपनीचे नेटवर्क नसले तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून हा क्रमांक लागू शकतो. रक्तगट, अ‍ॅलर्जी, चालू औषधे आणि दोन नातेवाइकांचे क्रमांक आपत्कालीन माहितीत भरून ठेवले तर कुलूप लावलेल्या पडद्यावरूनही ते इतरांना पाहता येतात. बेशुद्ध माणसाच्या फोनवर पासवर्ड मागणारा पडदा असतो आणि शेजारी उभ्या लोकांना घरी कळवता येत नाही. हे टाळायला पाच मिनिटे लागतात.

विजांसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने दामिनी हे अ‍ॅप केले आहे. २० आणि ४० किलोमीटरच्या परिघातल्या विजा ते दाखवते. शेतात काम करणाऱ्यांचा फोन बहुधा बांधावर पिशवीत असतो, म्हणून आवाजाची सूचना चालू असावी. फोनशिवायचा हिशेबही लक्षात ठेवावा: वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीन सेकंद म्हणजे एक किलोमीटर.

भूकंपाची सूचना सप्टेंबर २०२३ मध्ये भारतातल्या अँड्रॉइड फोनांवर सुरू झाली. स्थिर ठेवलेल्या हजारो फोनांचे त्वरणमापक एकाच भागात एकाच वेळी थरथरले की सर्व्हर भूकंप ओळखतो. आधी पोचणाऱ्या लाटा सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर वेगाने जातात, नासधूस करणाऱ्या साडेतीनच्या आसपास. शंभर किलोमीटरवरच्या माणसाला म्हणून काही सेकंद मिळू शकतात, तेवढ्यात टेबलाखाली जाता येते. केंद्राच्या अगदी जवळ असलेल्यांना हा अवधी मिळत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि आसपासच्या गावांत धक्का नेमका पायाखालून आला होता, आणि अशा गावांना वाचवू शकते ते भक्कम बांधलेले घरच.

फोन हरवण्याचीही तयारी आधीच करावी लागते. *#०६# दाबले की आयएमईआय क्रमांक दिसतो. तो कागदावर लिहून ठेवावा. चोरीनंतर संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर तक्रारीसह तो दिला की देशभरातल्या नेटवर्कवर फोन बंद करता येतो. आपल्या नावावर किती सिमकार्डे चालू आहेत हेही तिथेच कळते. अनोळखी क्रमांक सापडला तर तो लगेच नोंदवावा.

जुना फोन

नवा फोन आला की जुना खणात जातो. त्याचा कॅमेरा आणि मायक्रोफोन चालू असतात, फक्त बॅटरी आणि वेग उतरलेला असतो. घरच्या वायफायवर तो पाळण्यातल्या बाळावर किंवा गोठ्यात व्यायला आलेल्या गाईवर लक्ष ठेवू शकतो, स्वयंपाकघरात रेडिओ होऊ शकतो, आजोबांच्या हाताशी मोठ्या अक्षरांचे भिंग होऊ शकतो. असे काम देताना आधी त्यातली बँकेची अ‍ॅप आणि खाती काढून टाकावीत. सतत चार्जरला लावलेली लिथियम बॅटरी उष्णतेने लवकर खराब होते, म्हणून तो उन्हात, गादीवर किंवा गाडीच्या काचेमागे ठेवू नये आणि शक्य असेल तर चार्ज ८० टक्क्यांवर थांबेल अशी सोय करावी. बॅटरी फुगून मागचे झाकण उचलले गेलेला फोन मात्र कुठल्याच कामाला लावू नये. तो चार्जिंगवरून काढून, न दाबता, न टोचता, नोंदणीकृत ई-कचरा केंद्रात द्यावा.